कामाकुराच्या टेकडीवरची काकुसान

आज ज्याला टोकियो म्हणतात त्या एदो शहरापासून कामाकुरापर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात हे अंतर पायी तुडवणाऱ्यांत देवदर्शनाला निघालेले यात्रेकरू असत, व्यापारी असत आणि अधूनमधून एखादी एकटी स्त्रीही असे. तिच्याजवळ फारसे सामान नसे आणि ती वारंवार मागे वळून पाहत असे. तिला मात्सुगाओका टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या तोकेइजी मठाचे दार गाठायचे असे आणि तिच्या मागावर बहुधा तिचा नवरा किंवा त्याने धाडलेली माणसे असत. अगदी दाराशी येऊन ती पकडली गेली, तरी पायातली चप्पल किंवा केसांतला काटा तिने दारावरून आत फेकला की ती आत पोहोचली असे धरले जाई, असे लोक सांगत. एकदा आत गेलेल्या स्त्रीला हात लावण्याचा अधिकार नवऱ्याला उरत नसे. ठरलेली मुदत मठात काढली, की ती त्या लग्नातून मोकळी होई.

विवाहाचे बंधन तोडण्याचा अधिकार केवळ पुरुषाकडे असलेल्या समाजात असे एक दार शतकानुशतके उघडे राहिले, ही गोष्ट साधी नव्हे. ज्या स्त्रीच्या नावाशी हे दार जोडले गेले आहे, ती स्वतः मात्र नवऱ्यापासून पळालेली नव्हती. ती जपानमधल्या सर्वांत सामर्थ्यवान पुरुषाची पत्नी होती आणि तो गेला तेव्हा त्याच्यासोबतच तिनेही केस उतरवले होते. तिचे भिक्षुणी म्हणून नाव काकुसान शिदो.

काकुसानचा जन्म १२५२ मध्ये कामाकुरातल्या आदाची घराण्यात झाला. त्या काळी जपानचा सम्राट क्योतोमध्ये होता, पण राज्यकारभाराची सूत्रे कामाकुराच्या लष्करी शासनाकडे होती. तिथेही शोगुन हा नामधारीच. खरी सत्ता त्याच्या कारभाऱ्याच्या, म्हणजे शिक्केनच्या हाती आणि हे पद होजो घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेले. आदाची हे होजोंचे सर्वांत जवळचे सोयरे. वडील आदाची योशिकागे हे शासनातले वजनदार सरदार होते. पण मुलगी जेमतेम वर्षाची असताना, १२५३ मध्ये, त्यांचे निधन झाले. थोरला भाऊ यासुमोरी तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठा. त्यानेच तिला मुलीसारखे वाढवले. भावाच्या घरात वाढलेली ही पोर पुढे ज्या घरात सून म्हणून गेली, ते घर तिला परके नव्हतेच.

तिची सख्खी आत्या मात्सुशिता झेन्नी ही होजो घराण्यात दिलेली होती आणि शिक्केन होजो तोकियोरी हा तिचा मुलगा. या आत्याबाईंची एक आठवण चौदाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध ग्रंथामुळे जपानमध्ये आजही घरोघरी सांगितली जाते. एकदा तोकियोरी आईकडे येणार होता. घराच्या सरकत्या दारांचा कागद ठिकठिकाणी फाटलेला. आत्याबाई हातात छोटी सुरी घेऊन एकेक फाटका चौकोन कापून तिथे नवा कागद डकवत बसल्या. व्यवस्थेसाठी आलेल्या योशिकागेला, म्हणजे काकुसानच्या वडिलांना, ते पाहवेना. हे काम एखाद्या माहीतगार माणसाकडे सोपवावे आणि सगळाच कागद बदलून टाकावा, ठिगळे लावलेली दारे विद्रूप दिसतात, असे त्यांनी सुचवले. त्यावर आत्याबाईंनी सांगितले, की पुढे सगळी दारे नव्याने मढवायचीच आहेत. पण आज मुद्दामच असे केले आहे. फाटले तेवढेच दुरुस्त करून वस्तू वापरायची असते, हे सत्तेवर बसलेल्या तरुणाच्या नजरेस पडावे एवढाच त्यामागचा हेतू. ज्या घराण्याच्या हाती देश होता, त्या घरातल्या बायकांची ही शिस्त.

या तोकियोरीचा मुलगा तोकिमुने. १२६१ मध्ये त्याच्याशी आदाचींच्या मुलीचा विवाह झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि ती नऊ. नात्याच्या हिशेबाने पाहिले, तर आतेभावाचा मुलगा म्हणजे तिचा भाचाच. पण सरदार घराण्यांत सोयरीक जुळवताना असले हिशेब कोणी मांडत नसे. होजो आणि आदाची यांची गाठ आणखी एका पिढीपुरती घट्ट झाली, हे महत्त्वाचे. लग्नानंतर दोनच वर्षांनी सासरे तोकियोरी वारले. ते स्वतः झेनचे निष्ठावान साधक होते. कामाकुरातला केन्चोजी हा थोर झेन मठ त्यांनीच एका चिनी आचार्यांसाठी उभारला होता. मूळ संस्कृत ‘ध्यान’ हा शब्द चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या ध्यानाला जपानी योद्ध्यांच्या घरात आसन मिळाले ते या पिढीत.

तोकिमुने सतराव्या वर्षी शिक्केन झाला, ते वर्ष होते १२६८. त्याच वर्षाच्या आरंभी कुब्लाई खानाचे पत्र घेऊन मंगोल दरबाराचे दूत जपानच्या किनाऱ्याला लागले होते. पत्राची भाषा मैत्रीची होती आणि शेवटी शस्त्रबळाची गर्भित धमकी होती. कामाकुराने उत्तर दिले नाही. पुढची सोळा वर्षे, म्हणजे तोकिमुनेच्या मृत्यूपर्यंत, या संसारावर त्या न पाठवलेल्या उत्तराची सावली पडलेली होती.

घरातली परिस्थितीही निर्धास्त नव्हती. १२७१ हे वर्ष सरता सरता, जपानी पंचांगाच्या बाराव्या महिन्यात, या दांपत्याला मुलगा झाला. तोच पुढचा सादातोकी. त्यानंतर दोनच महिन्यांनी तोकिमुनेच्या हुकमाने क्योतोमध्ये असलेला त्याचा सावत्र थोरला भाऊ तोकिसुके मारला गेला. सत्तेला दुसरा दावेदार नको, हा त्यामागचा सरळ हिशेब. वीस वर्षांच्या बाळंतिणीच्या कानावर ही बातमी कशी आली असेल, याची कल्पना करता येते. कामाकुरात नाते आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत नव्हती. होता तो आत्याबाईंनी डकवला तसला कागद.

मंगोल आरमार पहिल्यांदा आले ते १२७४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर. क्युशू बेटाच्या हाकाता उपसागरात उतरलेल्या त्या सैन्याच्या लढण्याच्या पद्धतीने जपानी योद्धे गोंधळून गेले. एकेकट्याने पुढे येऊन द्वंद्व करण्याची त्यांची रीत इथे निरुपयोगी ठरली. समोरून बाणांचा वर्षाव होत होता आणि स्फोटक गोळे फुटत होते. मात्र ते आरमार फार काळ टिकले नाही आणि परत फिरले. पुढच्याच वर्षी खानाचे नवे दूत आले तेव्हा तोकिमुनेने त्यांचा कामाकुराजवळ शिरच्छेद करवला. यानंतर दुसरी स्वारी अटळ होती. हाकाताच्या किनाऱ्यावर दगडी तटबंदी उभी राहू लागली.

या धामधुमीत काकुसानचा भाऊ यासुमोरी हा शासनातला सर्वांत मोठा माणूस झाला होता. लढाईतल्या कामगिरीचे इनाम मिळाले नाही म्हणून क्युशूहून थेट कामाकुराला फिर्याद घेऊन आलेल्या ताकेझाकी सुएनागा या छोट्या सरदाराची हकिकत इतिहासप्रसिद्ध आहे. त्याला यासुमोरीने भेट दिली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि जमिनीबरोबर एक घोडाही दिला. सुएनागाने ही सगळी कथा पुढे चित्रपटात रंगवून घेतली, गुंडाळी करून ठेवण्याच्या लांबलचक कागदी पटावर. त्यात यासुमोरीचे घर आणि तो स्वतः बसलेला दिसतो. काकुसानच्या माहेरच्या माणसांपैकी एकाचे हे चित्र आजपर्यंत टिकून आहे.

१२७९ मध्ये तोकिमुनेच्या निमंत्रणावरून मुगाकु सोगेन हे चिनी आचार्य कामाकुराला आले आणि या पतिपत्नींच्या आयुष्याला वळण लागले. मुगाकु मंगोलांना चांगले ओळखून होते. चीनमध्ये मंगोल सैनिक त्यांच्या मठात घुसले तेव्हा बाकीचे भिक्षू पळून गेले. हे एकटे ध्यानाच्या आसनावर बसून राहिले. मानेवर तलवार टेकवली गेली तरी ते विचलित झाले नाहीत, उलट त्यांनी एक गाथा म्हटली, आणि सैनिक खजील होऊन निघून गेले असे त्यांच्या चरित्रात येते. अशा माणसाने देशाच्या कारभाऱ्याला धीर द्यावा, यात नवल नाही. १२८१ मध्ये दुसरी स्वारी येण्यापूर्वी त्यांनी तोकिमुनेला तीन चिनी अक्षरे लिहून दिली, त्यांचा आशय व्याकूळ होऊ नकोस एवढाच होता, अशी कथा आहे. आचार्यांना जपानी येत नसे. उपदेश दुभाष्यामार्फत चाले किंवा लिहून होई. काकुसानही त्यांच्या शिष्यवर्गात आली. राणीवशातल्या स्त्रीने पुण्यसंचयासाठी दानधर्म करावा, एवढ्यावर ती थांबली नाही. ती नियमाने ध्यानाला बसू लागली.

दुसऱ्या स्वारीत आलेल्या सैन्याचा आकडा परंपरेने १ लाख ४० हजार सांगितला जातो. दगडी तटाने त्यांना रोखून धरले आणि ऑगस्टमधल्या वादळाने आरमाराची दाणादाण उडवली. जपानला या वादळाचे पुढे किती कौतुक वाटले आणि त्याच्या नावाचा विसाव्या शतकात कसा वापर झाला, तो वेगळा विषय आहे. तोकिमुनेने मात्र पुढच्याच वर्षी, १२८२ मध्ये, एन्गाकुजी हा मठ उभारून मुगाकुंना तिथले पहिले आचार्य केले. युद्धात पडलेल्या सर्वांच्या सद्गतीसाठी हा मठ होता. जपानी आणि मंगोल, दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी. ज्याने दूतांची मस्तके उतरवली, त्यानेच शत्रूच्या मृतांसाठी प्रार्थनेची सोय केली. ही विसंगती म्हणावी की परिपक्वता, याचे उत्तर सोपे नाही.

तोकिमुने थकला होता. १२८४ च्या वसंतात तो आजारी पडला. वाचत नाही हे दिसल्यावर त्याने मुगाकुंच्या हातून भिक्षूची दीक्षा घेतली. त्याच वेळी त्याच्या पत्नीनेही केस उतरवले. काकुसान हे नाव तिला मिळाले ते तेव्हा. तोकिमुने गेला, त्या वेळी त्याचे वय बत्तीस होते आणि तिचे एकतीस. मुलगा सादातोकी बारा वर्षांचा. तोच नवा शिक्केन झाला.

सरदार घराण्यातल्या विधवेने दीक्षा घेणे ही त्या काळी रीतच होती. केस खांद्यापर्यंत कापायचे, काळी वस्त्रे ल्यायची आणि घरातच राहून नातवंडांवर आणि इस्टेटीवर लक्ष ठेवायचे. शोगुनशाहीचा संस्थापक मिनामोतो योरितोमो याची विधवा होजो मासाको हिने तर भिक्षुणी होऊन राज्य चालवले होते. काकुसानला ही वाट मोकळी होती. मुलगा अल्पवयीन, भाऊ सर्वेसर्वा. ती पडद्याआडून बरेच काही करू शकली असती. तिने काय केले, तर अवतंसक सूत्राच्या नकलेला हात घातला. बौद्ध वाङ्मयातला हा सर्वांत विस्तीर्ण ग्रंथांपैकी एक. चिनी भाषांतर ऐंशी गुंडाळ्यांचे. पतीच्या पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत तिने हे लेखन पुरे करत आणले आणि त्या दिवशी मुगाकुंनी आपल्या प्रवचनात तिच्या या कष्टांचा गौरव केला. ब्रशाने, एकेक अक्षर जुळवत, ऐंशी गुंडाळ्या. ज्यांनी कधी एखादी पोथी हाताने उतरवली असेल, त्यांनाच या वर्षाची लांबी कळेल.

ते वर्ष होते १२८५. याच वर्षी तोकेइजीची स्थापना झाली. सादातोकी आश्रयदाता आणि आई पहिली अधिष्ठात्री, अशी नोंद मठाने जपली आहे. जागा एन्गाकुजीच्या समोरच, दरीच्या पलीकडच्या उतारावर. पतीचे स्मारक आणि पत्नीचा मठ एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. आज या दोन्हींच्या मधून रेल्वेचा मार्ग जातो आणि कीता-कामाकुरा स्थानकावर उतरलेला प्रवासी दोन्हीकडे पायी जाऊ शकतो.

मात्र त्या वर्षाचा शेवट भयंकर होता. सादातोकीच्या घरचा मुख्य कारभारी ताईरा नो योरित्सुना आणि मामा यासुमोरी यांच्यात वितुष्ट विकोपाला गेले होते. तोकिमुनेच्या मृत्यूनंतर यासुमोरीने शासनात सुधारणांचा धडाका लावला होता. त्यामुळे दुखावलेले लोक योरित्सुनाभोवती जमा झाले. यासुमोरीच्या मुलाने मिनामोतो हे शोगुनचे आडनाव धारण केले असून त्याला शोगुन व्हायचे आहे, असा कान फुंकून योरित्सुनाने किशोरवयीन शिक्केनचे मन कलुषित केले. अकराव्या महिन्याच्या सतराव्या दिवशी कामाकुराच्या रस्त्यांवर चकमक उडाली. दिवस मावळेपर्यंत यासुमोरी आणि त्याचा मुलगा यांच्यासह आदाची घराणे जवळजवळ निर्वंश झाले. त्यांच्या बाजूचे शेकडो लोक कामाकुरात आणि प्रांतोप्रांती मारले गेले किंवा त्यांनी आत्महत्या केल्या.

ज्याने बापाची जागा घेऊन वाढवले त्या भावाची हत्या, आणि ती स्वतःच्या मुलाच्या नावाने निघालेल्या हुकमानुसार! वैधव्याला दीड वर्षच उलटले होते. माहेर नाहीसे झाले होते आणि सासर म्हणजे तो मुलगाच. तोकेइजीच्या इतिहासात काकुसानचे जे स्थान आहे, ते नीट समजून घ्यायचे तर हा दिवस विसरून चालत नाही. पुढे ज्या बायका त्या दाराशी आल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणींना परत जाण्यासाठी माहेर उरलेले नसे. संस्थापिकेची स्थिती त्यांच्याहून निराळी नव्हती. फरक होता तो पदरी असलेल्या सत्तेचा, आणि तिने ती सत्ता सूड घेण्याकडे वळवली नाही.

मठाची परंपरा सांगते, की काकुसानने मुलाकडे एक मागणी केली. एकदा लग्न लागले की नवरा कितीही निर्दय निघाला तरी बायकोला त्याच्यापासून सुटता येत नाही. मनाच्या कोंडीत काहीजणी जिवाचे बरेवाईट करून घेतात. अशा स्त्रियांना मठात आसरा मिळावा, तीन वर्षे त्यांनी तिथे सेवा करावी आणि मग त्यांचा विवाह संपला असे कायद्याने मानले जावे, असे तिने सुचवले. सादातोकीने ते मान्य करून क्योतोच्या सम्राटाची संमती मिळवली. ही कथा ज्या लेखी रूपात आज वाचायला मिळते ते रूप बरेच नंतरचे, एदो काळातले आहे आणि इतिहासकार ती तशीच्या तशी स्वीकारत नाहीत. मठात आसरा घेणाऱ्याला बाहेरचा कायदा स्पर्श करत नाही, ही कल्पना मध्ययुगीन जपानमध्ये अनेक देवस्थानांना लागू होती. तोकेइजीत तिला हळूहळू नियमांचे रूप आले असावे, असा अभ्यासकांचा कल आहे. तरीही मठातल्या पिढ्यानपिढ्यांच्या भिक्षुणींनी या नियमाचे जनकत्व काकुसानकडेच दिले, याला अर्थ आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या पायाखालची जमीन अक्षरशः सरकत होती. १२३२ च्या कामाकुरा कायद्याने योद्धा वर्गातील स्त्रीला बरेच काही दिले होते. तिला जमिनीचा वारसा मिळे, अपत्य नसेल तर दत्तक घेऊन ती जमीन त्याला देता येई आणि दोष नसताना नवऱ्याने सोडले तर त्याने दिलेली जमीन तिच्याकडेच राही. मंगोल स्वाऱ्यांनंतर हे चित्र पालटू लागले. किनाऱ्याच्या रक्षणासाठी लढवय्ये हवेत, जमीन मुलींत वाटली गेली तर पहारा कोण देणार, या विचाराने १२८६ मध्ये क्युशूतल्या सरदारांना मुलींच्या नावे जमीन करण्यास मनाई झाली. तोकेइजी उभा राहिल्यानंतरचे हे दुसरेच वर्ष आणि शिक्केनच्या गादीवर काकुसानचा मुलगा. पुढच्या शतकांत ही वाट एवढी अरुंद झाली, की नवऱ्याने लिहून दिलेल्या साडेतीन ओळींच्या चिठ्ठीवाचून बाईची सुटका होईना.

योरित्सुनाची सद्दी आठ वर्षे टिकली. १२९३ च्या वसंतात कामाकुराला भूकंपाचा मोठा तडाखा बसला. त्या गोंधळातच, एकवीस वर्षांच्या झालेल्या सादातोकीने योरित्सुनाच्या घरावर सैन्य घातले आणि त्याला संपवले. त्यानंतर आदाचींच्या उरल्यासुरल्या माणसांना पुन्हा वर येता आले. सादातोकीची पत्नीही आदाचींच्याच एका शाखेतली होती. काकुसानच्या डोळ्यांदेखत कुळाचा नाश झाला, तसे त्याचे पुनरुज्जीवनही तिने पाहिले.

मुगाकु १२८६ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या शिष्यांत काकुसान ही एकटीच स्त्री नव्हती. वयाने तिच्याहून बरीच मोठी असलेली मुगाई न्योदाई हिला त्यांनी आपली अधिकृत वारस मानले आणि तिने क्योतोमध्ये केइआइजी हा भिक्षुणींचा झेन मठ स्थापन केला. झेनच्या इतिहासात या दोघींची नावे शेजारी शेजारी येतात. पुरुष आचार्यांच्या वंशावळीत स्त्रीला जागा द्यायची की नाही, हा प्रश्न या दोघींमुळे टाळता येण्यासारखा राहिला नाही.

तो प्रश्न काकुसानला कसा विचारला गेला, याची एक गोष्ट सोळाव्या शतकातल्या कामाकुराच्या एका संग्रहात येते. ध्यानमार्गातील तिच्या अधिकाराला मान्यता देण्याचे आचार्यांनी ठरवले, तेव्हा एन्गाकुजीतल्या एका ज्येष्ठ भिक्षूने आक्षेप घेतला. ज्याला ही मान्यता मिळते, त्याने व्यासपीठावरून आचार्य रिन्झाई यांच्या ग्रंथावर प्रवचन करावे असा प्रघात आहे. ते हिला जमेल काय, असा त्याचा सवाल होता. काकुसानने कमरेची कट्यार काढून समोर ठेवली. ग्रंथावर बोलणे हे मठवासी आचार्यांचे काम. आपण योद्ध्याच्या घरातली स्त्री, समोर उघडे पाते ठेवून तत्त्व सांगणे हीच आपली रीत, ग्रंथ कशाला हवा, असे तिचे उत्तर होते. त्या संग्रहातल्या गोष्टी कितपत जुन्या यावर वाद आहेत. त्याच संग्रहात असेही आहे, की तोकेइजीत एक मोठा आरसा होता आणि त्यासमोर बसून भिक्षुणी ध्यान करीत. आरशात भावना दिसते ती कुठे असते, दिसणारी कोण आणि पाहणारी कोण, असा तो शोध. संस्थापिकेने घालून दिलेली ही साधना पुढच्या अधिष्ठात्रींनीही चालवली म्हणतात. बाईच्या प्रसाधनाची वस्तू बाईच्याच साधनेचे उपकरण व्हावी, ही कल्पना मात्र कोणा पुरुष आचार्याला सुचली असती असे वाटत नाही.

चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काकुसान वारली. पन्नाशी तिने ओलांडली होती आणि त्यातली वीसहून अधिक वर्षे भिक्षुणीच्या वस्त्रात गेली होती. सादातोकी १३११ मध्ये गेला. त्यानंतर बावीस वर्षांनी, १३३३ मध्ये, सम्राट गोदाईगोच्या बाजूने लढणारे सैन्य कामाकुरात घुसले आणि काकुसानचा नातू तोकिमुनेचा वंशज ताकातोकी याने शेकडो आप्तस्वकीयांसह तोशोजी मठात पोट चिरून घेतले. होजोंची सत्ता एका दिवसात संपली. या पडझडीच्या एकच वर्ष आधी सादातोकीच्या विधवेने तोकेइजीला एक घंटा अर्पण केली होती. ती पुढे कधीतरी तिथून हलली आणि आज इझु प्रदेशातल्या दुसऱ्याच एका देवळात आहे. मठ मात्र जागच्या जागी राहिला.

इतकेच नव्हे, तर ज्या सम्राटाने होजोंचा पाडाव केला त्याचीच मुलगी तिथे अधिष्ठात्री होऊन आली. राजकन्या योदो ही पाचवी. तिचा भाऊ, राजपुत्र मोरियोशी, १३३५ मध्ये कामाकुरात कैदेत मारला गेला होता आणि त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून ती इथे राहिली असे सांगतात. होजोंच्या विधवेने उभारलेल्या घरात होजोंच्या शत्रूची मुलगी दुःख घेऊन आली आणि त्या घराला ते विचित्र वाटले नाही. तेव्हापासून या मठाला राजवाड्याचा मान मिळाला.

विसाव्या अधिष्ठात्रीची कथा तर काकुसानच्या कथेची पुनरावृत्तीच वाटावी. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि तोयोतोमी घराणे संपले. हिदेयोरीचा लहानगा मुलगा मारला गेला. मुलीला जीवदान मिळाले, ते ती भिक्षुणी होईल या अटीवर. ही पोरकी मुलगी तेन्शू या नावाने तोकेइजीत वाढली. विजेता तोकुगावा इएयासू याने तिला काय हवे असे विचारले, तेव्हा तिने काकुसानच्या काळापासून चालत आलेला नियम अबाधित राहावा एवढेच मागितले, अशी मठाची आठवण आहे. पुढे आइझु प्रांताचा जहागीरदार कातो याच्याशी भांडून निघालेल्या एका सरदाराची बायकामुले तोकेइजीत आश्रयाला आली, त्यांच्यावर कातोने हात टाकायचा प्रयत्न केला, तेव्हा तेन्शूने थेट शोगुनकडे दाद मागितली. १६४३ मध्ये कातोला आपली जहागीर सोडावी लागली. बायकांच्या मठाशी पंगा घेणे एवढे महागात पडू शकते, हे सगळ्या जपानने पाहिले.

एदो काळात शासनाने असा अधिकार फक्त दोन मठांना मान्य केला होता. एक तोकेइजी आणि दुसरा आजच्या गुन्मा प्रांतातला मान्तोकुजी. कामकाज मोठे व्यवहारी होते. आलेल्या स्त्रीला दाराजवळच्या ठरलेल्या खानावळवजा धर्मशाळेत उतरवत. तिची जबानी घेत, माहेरच्यांना बोलावत, नवऱ्याला निरोप धाडत. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटत. मठाच्या शिक्क्याचे पत्र आले की नवरे साडेतीन ओळी लिहून देत. जो अडून बसे, त्याच्या बायकोला मठात घेतले जाई. मुदत आधी तीन वर्षांची मोजत, पुढे ती चोवीस महिन्यांवर आली. या स्त्रियांचे मुंडन होत नसे. केस थोडे कापले जात. पैसे किती भरले त्यावर काम ठरे, कोणी अधिष्ठात्रीच्या जवळ, कोणी पाहुण्यांच्या खोलीत, कोणी स्वयंपाकघरात. दारिद्र्य आणि श्रीमंती दाराबाहेर राहिली नव्हती, हे मान्यच करायला हवे. एदोच्या विनोदी काव्याने या पळणाऱ्या बायकांची यथेच्छ टिंगल केली. पण त्या टिंगलीतूनच हा रस्ता किती जणींना ठाऊक होता ते कळते. एदो काळाच्या शेवटच्या दीडशे वर्षांत सुमारे दोन हजार स्त्रिया या मार्गाने मोकळ्या झाल्या, असा अंदाज आहे.

मेइजी राजवटीने १८७१ मध्ये मठाचा हा अधिकार काढून घेतला. १८७३ मध्ये घटस्फोटासाठी न्यायालयात जाण्याची मुभा स्त्रियांना मिळाली. जमिनीही गेल्या आणि मठाला उतरती कळा लागली. शेवटची भिक्षुणी अधिष्ठात्री १९०२ मध्ये वारली आणि त्यानंतर हा मठ पुरुष भिक्षूंकडे गेला. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेत, जिथे स्वामी विवेकानंद बोलले त्याच व्यासपीठावर, जपानी झेनचे प्रतिनिधित्व केलेले शाकु सोएन पुढे इथले प्रमुख झाले. त्यांचे शिष्य आणि झेनचे जगप्रसिद्ध भाष्यकार दाइसेत्सू सुझुकी यांची समाधीही इथेच आहे.

१९०७ मध्ये तोकेइजीचे जुने बुद्धमंदिर उतरवून योकोहामातल्या सांकेइएन उद्यानात पुन्हा उभारण्यात आले. गवताने शाकारलेल्या छपराची ती वास्तू आजही तिथे पाहता येते. घटस्फोटाच्या चिठ्ठ्या, नवऱ्यांना पाठवलेली पत्रे आणि मुदतीचे करारनामे मात्र कामाकुरातच आहेत, मठाच्या संग्रहालयात.